पाळी थांबली म्हणून तपासणी थांबवायची नाही

महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पाळी बंद झाली की गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी नको. पॅप स्मिअरमध्ये खरवडल्याने कॅन्सर पसरतो.' दोन्ही गोष्टी चूक आहेत.

पॅप स्मिअरमध्ये मऊ ब्रशने वरवरच्या पेशी घेतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, क्वचित रक्ताचा डाग दिसतो, बस्स. त्याने कॅन्सर पसरत नाही. आणि पाळीचं म्हणाल, तर हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीच्या संसर्गापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे तिशीत शिरलेला विषाणू पन्नाशीत त्रास देऊ शकतो. म्हणूनच आपल्याकडे सरकारी तपासणीचा वयोगट ३० ते ६५ आहे.

हे मुंबईकरांना तरी सांगायला लागू नये. टाटा मेमोरियलने १९९८ पासून इथल्याच झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तीही पातळ ॲसेटिक ॲसिड लावून, पांढरा डाग उठतो का ते बघून. बघणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या! त्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

एचपीव्हीची लस घेतलेल्यांनाही तपासणी लागतेच. लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीवर चालत नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.