पॉवर बोर्ड गेला म्हणजे टीव्ही गेला नाही

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मलाच तो तीन गिऱ्हाइकांनी पाठवला. थोडक्यात त्यात असं आहे: फ्लॅट टीव्ही बंद पडला की दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. पॉवर बोर्ड (टीव्हीला वीज पुरवणारा आतला बोर्ड) दुरुस्त होत नाही, झाला तरी दोन महिन्यांत परत जातो. फार तर घरीच मागचं झाकण उघडा, प्लग काढला की शॉकची भीती नाही. फुगलेला कपॅसिटर (बोर्डावरचा वीज साठवणारा पार्ट) दिसला तर तो बदला, नाही दिसला तर टीव्ही भंगारात द्या.

टीव्ही दुरुस्ती हाच माझा धंदा आहे. पोटावर पाय येतोय म्हणून हा बोलतोय, असं कुणाला वाटेल, वाटू दे. या मेसेजमधलं एक वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तेच घेतो.

"प्लग काढला की शॉकची भीती नाही." हे साफ चूक आहे. घरातली २३० व्होल्टची एसी पॉवर बोर्डावर आली की ब्रिज रेक्टिफायरमधून डीसी होते आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर साठते. तिथे साधारण ३२५ व्होल्ट असतात. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या बोर्डावर ३८० ते ४०० पर्यंत. टीव्ही चालू असेल तर प्लग काढल्यावर हा साठा बऱ्याचदा लवकर उतरतो. पण बोर्ड बिघडलेला असेल, पुढचं सर्किट करंट ओढतच नसेल, तर तो बराच वेळ तसाच राहू शकतो. म्हणजे बंद पडलेला टीव्ही चालू टीव्हीपेक्षा इथे जास्त धोक्याचा. मी दोन किलोओहम, दहा वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून कपॅसिटरच्या दोन्ही पायांना काही सेकंद टेकवतो, मग मीटर लावून बघतो, आणि आकडा उतरलेला दिसल्यावरच बोर्डाला हात लावतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे बरेच जण आहेत. त्यात ठिणगी उडते, ट्रॅक जळतो, चांगला पार्टही मरतो. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने झाकण उघडूच नये.

आता "फुगलेला दिसला तरच खराब". मागच्या पावसाळ्यात एका काकूंचा बत्तीस इंची टीव्ही आला. लाल दिवा लागायचा, रिमोट दाबला की टक् असा आवाज होऊन दिवा विझायचा, परत लागायचा. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना "पॅनेल गेलं", म्हणजे पडदाच गेला, असं सांगितलं होतं. बोर्ड बघितला तर एकही कपॅसिटर फुगलेला नाही, डोकी सगळी सपाट. स्टँडबायला ५ व्होल्टच्या लाइनवर ५.१ मिळाले. रिमोट दाबला आणि काटा ३.८ वर आला. १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर काढून मीटरवर घेतला तर कपॅसिटी जवळपास बरोबर, पण ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला विरोध, प्रचंड वाढलेला. आतून सुकलेला कपॅसिटर बाहेरून नवा दिसू शकतो. तो आणि शेजारचा, असे दोन बदलले आणि टीव्ही सुरू झाला. दोन्ही मिळून चहा-वड्याच्या पैशात आले. पॅनेल व्यवस्थित होतं.

"दोन महिन्यांत परत जातो" हे मात्र कधीकधी खरं ठरतं, आणि त्याला बोर्ड जबाबदार नसतो. १०५ डिग्रीपर्यंत तापमान झेलणारा कपॅसिटर काढून तिथे ८५ डिग्रीचा बसवला की असं होतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा डिग्रीने उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. दोघांवरही आपापल्या कमाल तापमानाला २००० तास लिहिलेले असतील आणि बोर्डाजवळ ६५ डिग्री असेल, तर १०५ वाल्याला ३२,००० तास मिळतात, ८५ वाल्याला ८,०००. रोज सहा तास टीव्ही लावला तर एकाला चौदा वर्षं, दुसऱ्याला साडेतीन. बंद खोके, भिंतीला चिकटवलेला टीव्ही आणि वर ब्राइटनेस शंभरावर असला की तेही कमी होतात. दुकानदाराला "१०५, लो ईएसआर" असं स्पष्ट सांगून माल घ्यावा.

तेच फ्यूजचं. फ्यूज उडालाय म्हणून तिथे तार टाकलेले बोर्ड माझ्याकडे येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. फ्यूजची काच आतून काळी झाली असेल तर पुढे काहीतरी शॉर्ट आहे: ब्रिज, मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), नाहीतर व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा पार्ट). गावाकडे न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्या वर व्होल्टेज चढतं. तेव्हा व्हॅरिस्टर फुटतो, फ्यूज उडतो आणि बऱ्याचदा मदरबोर्ड नि पॅनेल वाचतं. शॉर्ट पार्ट बदलायचा, त्याच रेटिंगचा फ्यूज टाकायचा आणि पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे सप्लायच्या वाटेत एक बल्ब जोडून, चालू करायचं. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. कोकणातल्या बोर्डांवर तर मी मेलेली पाल आणि मुंग्यांचं वारूळही काढलंय.

"पॉवर बोर्ड दुरुस्त होत नाही" यावर मग काय बोलायचं! आणि कधी फारच जळाला असेल तर अख्खा बोर्ड बदलता येतो. युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासून नियमच आहे की टीव्हीचा अंतर्गत पॉवर सप्लाय आणि कपॅसिटर दुरुस्ती करणाऱ्यांना मॉडेल बंद झाल्यावरही किमान सात वर्षं मिळाले पाहिजेत. दुरुस्त होतच नसतं तर असा नियम कशाला केला असता?

मेसेजचं एक मान्य. पॅनेल तडकलं असेल तर खर्च करू नका. नवं पॅनेल टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातं. पण आवाज येतोय आणि चित्र नाही, एवढ्यावर पॅनेल गेलं म्हणू नका. खोलीत अंधार करा, स्क्रीनवर तिरकी बॅटरी मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे. बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या दिव्यांच्या) पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा ड्रायव्हर गेलाय.

आणि शेवटी द्यायचाच झाला तर भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. जुन्या एलसीडीत पडद्यामागे बारीक काचेच्या नळ्या असतात, त्यांत पारा असतो. भंगाराच्या गोदामात त्या हातोडीने फुटतात, आणि फोडणाऱ्यांत पोरंही असतात.