ते पत्र भांडणाऱ्या मंडळीला होतं

प्रीतीवरचा लेख आवडला, पण प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा अध्याय (बायबल, १ करिंथ १३) त्यात फक्त नवरा-बायकोच्या नात्यापुरता आला आहे, ते अपुरं वाटलं. ते पत्र आपसांत भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेलं आहे. तिथे भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनाच्या, वेळी एक जण पिऊन झिंगलेला आणि दुसरा उपाशी, अशी अवस्था! अशांना पौल सांगतो की डोंगर हलवणारा विश्वास असला, पण प्रीती नसली, तर मी काहीच नाही. विश्वास मोठा की प्रीती, हा वाद त्याने तिथेच मिटवला आहे. येशूनेही अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं. अबोला धरून प्रार्थनेला बसणाऱ्यांबद्दल, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांबद्दल, लेखकाने जरूर लिहावं.