तो एपिसोड फिलर नाहीये

आज लंच टाईममध्ये शेजारच्या टेबलवर एकजण दुसऱ्याला सांगत होता, "द लास्ट ऑफ अस बघतोयस ना, मग तिसरा एपिसोड स्किप मार, फिलर आहे, स्टोरी पुढेच सरकत नाही." माझा घास हातातच राहिला. तेव्हाच बोलायचं होतं, मीटिंग होती, आणि आता रात्री साडेअकरा वाजले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी (पुढचं कळलं तर चालत नसेल तर इथेच थांबा). बुरशीच्या साथीने जग बुडालंय. बिल नावाचा एक माणूस अख्ख्या गावाला कुंपण घालून, बंदुकांचा साठा करून एकटाच राहतोय. त्याने खणलेल्या खड्ड्यात फ्रँक येऊन पडतो. बिल त्याला वर काढतो, अंघोळीला पाणी देतो, जेवू घालतो, आणि फ्रँक जातच नाही, तिथेच राहतो, वर्षानुवर्षं. मग एक दिवस हा फ्रँक बिलला न विचारता त्याची एक छोटी बंदूक देऊन स्ट्रॉबेरीच्या बिया घेतो. बंदूक देऊन बिया! पहिली स्ट्रॉबेरी खाताना तो एवढा मोठा दाढीवाला बिल लहान पोरासारखा खिदळतो. मूळ व्हिडिओ गेममध्ये फ्रँक मेलेलाच सापडतो आणि त्याच्या चिठ्ठीत बिलबद्दल नुसता कडवटपणा असतो. मालिकेवाल्यांनी मुद्दाम ते बदललं, आणि हे म्हणे फिलर.

मी लातूरची, हे तुम्हाला माहितीच आहे. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी, आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० टँकर, ५ लाख लिटर. देशभरातले टीव्हीवाले ती रेल्वे दाखवत होते. आमच्या घरात मात्र मोगऱ्यावरून भांडण पेटलेलं. आई तांदूळ धुतलेलं पाणी वाटीत धरून ठेवायची आणि संध्याकाळी मोगऱ्याच्या बुडाशी ओतायची. अण्णा भडकले, "माणसाला प्यायला मिळंना अन् तुला झाडाचं पडलंय?" आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परत वाटी घेऊन गेली.

म्हणून मला राग येतो. मॅड मॅक्स फ्युरी रोड म्हटलं की सगळ्यांना ती आग ओकणारी गिटार आठवते. त्यातली म्हातारी कुणाला आठवत नाही, जी सगळीकडे वाळवंट असताना पिशवीत बिया सांभाळून फिरत असते आणि जागा दिसली की एखादी पेरून बघते. वॉल-ई आठवा, कचऱ्याच्या डोंगरात जुन्या बुटात लावलेलं ते एवढंसं रोप, सगळा पिक्चर त्याच्यामागे धावतो. स्टेशन इलेव्हन या मालिकेत साथीनंतर वीस वर्षांनी एक नाटकमंडळी गावोगाव शेक्सपिअर करत हिंडते आणि त्यांच्या गाडीवर लिहिलेलं असतं की नुसतं जगणं पुरेसं नाही. काढा ना हे सगळं फिलर म्हणून, मग उरतं काय, गाड्या आणि गोळ्या.

हो, द रोडमध्ये सगळी राखच आहे, झाडं मेलेली, आणि तरी तो जबरदस्त सिनेमा आहे. मान्य. आणि तिसऱ्या एपिसोडमध्ये जोएल-एली, म्हणजे मालिकेतली मुख्य जोडी, फार थोडा वेळ दिसतात हेही मान्य. बास.

चीड आणतात ते लोक जे या सिरीयली ट्रेनिंगसारख्या बघतात. जग संपलं तर मी हे जमवीन, तिथे लपेन, पहिल्यांदा कुणाला उडवीन. लांबच्या लांब याद्या, आणि त्यात एकदाही येत नाही की स्वयंपाक कोण करणार, भांडी कशात घासणार, आजाऱ्याला कोण उचलणार. फ्रँक आजारी पडल्यावर बिल त्याला व्हीलचेअरवरून पलंगावर घेतो, औषधाच्या गोळ्या कुटतो, तो सगळा भाग बघताना मी रडले. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात टँकर कधी येईल याची वाट बघत बायका रात्र रात्र जाग्या होत्या, हंडे रांगेत लावून तिथेच पेंगायच्या. असं रांगेत बसणं मला एकाही मोठ्या हॉलिवूड पिक्चरमध्ये दिसलेलं नाही. तिथे सगळे थेट एकमेकांवर तुटून पडतात. आमच्याकडेही भांडणं झाली, कळशा आपटल्या, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या आजींचा हंडा कुणीतरी भरून दारात ठेवून जायचंच.

लिहिता लिहिता एक आठवलं. मे महिन्यात एकदा पहाटे उठले तर अण्णा अंगणात वाकून उभे. दाढी करून उरलेलं तांब्याच्या तळाचं पाणी हळूहळू मोगऱ्याला घालत होते. मला बघितलं आणि तांब्या घेऊन आत गेले. त्याबद्दल आमच्या घरात कुणीच कधी काही बोललं नाही. पानं तर तेव्हा सगळी गळलेली होती, नुसत्या काड्या.

मागच्या दिवाळीत आईला हा एपिसोड दाखवला, मी शेजारी बसून मराठीत सांगत गेले. दोन पुरुषांचं प्रेम वगैरे, मला वाटलं काही म्हणेल, पण काहीच म्हणाली नाही. स्ट्रॉबेरीच्या सीनला ती पुढे सरकून बसली, बराच वेळ बघत राहिली आणि मला विचारलं, "पाणी कुठून घालत असतील गं ते?"