शिंगाचा उतार एकापेक्षा जास्त, म्हणून लैंगिक निवड?

सध्या सगळीकडे फिरणारं विधान असं: "भुंग्याचं शिंग शरीरापेक्षा वेगाने वाढतं. लॉग-लॉग आलेखावर रेषेचा उतार एकापेक्षा जास्त आला, की ते शिंग लैंगिक निवडीतून घडलं हे सिद्ध."

लॉग-लॉग आलेख म्हणजे शरीराचं आणि शिंगाचं माप, दोन्हींचे लॉगरिदम घेऊन काढलेला आलेख; उतार एकापेक्षा जास्त म्हणजे मोठ्या नरांची शिंगं प्रमाणाबाहेर मोठी. लैंगिक निवड म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून एखादा गुण घडणं.

'वाढतं' इथेच पहिली गफलत. कोषातून बाहेर आलेला भुंगा पुढे वाढतच नाही. आलेखावरचा प्रत्येक ठिपका हा वेगळा नर असतो.

त्याहून मोठी गफलत एकच रेषा ओढण्यात आहे. ऑन्थोफॅगस टॉरस हा शेणकिडा पाहा. मोठ्या नरांना लांब, वळलेली शिंगं असतात, तर लहान नरांना जवळजवळ नसतातच. हे लहान नर मादीच्या बिळात आडवाटेने शिरतात. दोन्ही गटांतून एकच रेषा ओढली, तर तिचा उतार कुठल्याच गटाचा नसतो. दोन गटांमधली उडीच उतार म्हणून नोंदली जाते. सगळ्यांत मोठ्या नरांत तर वक्र सपाट होत जातो, कारण शिंग फुटतं तेव्हा अळीचं खाणं थांबलेलं असतं आणि साठलेल्या ऐवजातच सगळे अवयव भागवायचे असतात. लॉग घेऊन हे सरळ होत नाही. एबरहार्ड आणि गुटिएरेझ या संशोधकांनी 1991 मध्येच अशा आकड्यांत उंबरठा, म्हणजे नर एका गटातून दुसऱ्यात जातो तो आकार, शोधायची रीत दिली. संशोधक रॉबर्ट नेल यांचा 2009 चा सल्ला मला आजही पटतो: आधी ठिपके नीट पाहा, मग सरळ रेषा, उंबरठ्यावर तुटणारी रेषा आणि वक्र यांची तुलना करा.

"मोजमापातली चूक दोन्ही अक्षांवर असते, म्हणून रिड्यूस्ड मेजर ॲक्सिस ही रेषा बसवायची रीतच वापरा" असंही सोबत सांगितलं जातं. या रीतीचा उतार म्हणजे साध्या रिग्रेशनचा, म्हणजे नेहमीच्या रीतीने बसवलेल्या रेषेचा, उतार भागिले सहसंबंध गुणांक (ठिपके रेषेच्या किती जवळ आहेत याचं माप). साधा उतार 0.9 आणि सहसंबंध 0.6 असेल, तर उत्तर 1.5! भुंगे तेच, मापं तीच, फक्त ठिपके विखुरलेले म्हणून 'सिद्धता' हाती आली. नरानरांतला खरा फरक म्हणजे मोजमापातली चूक नव्हे. चूक किती, हे तेच भुंगे दोनदा मोजून कळतं.

राहिली लैंगिक निवड. संशोधक बोन्डुरियान्स्की यांनी 2007 मध्ये दाखवलं की अनेक लैंगिक अवयवांत असा चढा उतार नसतो. लैंगिक निवडीचा पुरावा झुंजीत शोधावा लागतो. टॉरसमध्ये तो शोधला गेला: सारख्या आकाराच्या नरांत लांब शिंगाचा जिंकतो आणि बिनशिंगाचा बिळात अधिक चपळ असतो.