नवीन वकील झालात? मग कोट दोन शिवा

सनद मिळाल्याबद्दल आधी अभिनंदन. गळ्यात वकिलाचा पांढरा बँड लावलेला फोटो स्टेटसला टाकून झाला असेल, त्याखाली आत्याने "आता आमच्या बांधाचं बघ रे बाबा" असं लिहूनही झालं असेल, म्हणजे पहिला पक्षकार आला, फी सोडून सगळं मिळालं. आता तुम्हाला यशस्वी आणि वर बॅलन्स्ड करिअर करायचंय म्हणता, तर आठ वर्षं कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून जे काही शिकलो ते सांगतो. फुकट सांगतोय, सवय लावून घ्या, तुम्हालाही पुढे सगळं फुकटच सांगायचंय.

तुमची पिढी तशी नशिबाची. सनदेची फी कायद्यात लिहिलेल्या 750 रुपयांच्या वर घेता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने 30 जुलै 2024 ला सांगून टाकलं, त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत यासाठी हजारोंनी मोजायला लागायचे. म्हणजे धंद्यात शिरणं स्वस्त झालंय. टिकून राहण्याचा खर्च तेवढा बाबांना विचारा, तोच भरतायत.

शक्य असेल तर आजोबा वकील असलेल्या घरात जन्म घ्या, चेंबर, कपाटभर एआयआर (कोर्टाच्या निकालांचे जाडजूड खंड) आणि "अरे तू अमक्यांचा नातू का" म्हणणारा कोर्टाच्या कचेरीतला शिरस्तेदार हे तिन्ही वारसाहक्काने येतात. ते हुकलं असेल तर सिनिअर शोधा. माझ्या पहिल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी पैसे देत नाही, मी काम शिकवतो." शिकवलं हो, खोटं कशाला बोलू. नक्कल विभागात कुणाशी कसं बोललं की नक्कल आज मिळते, समन्स बजावणाऱ्या बेलिफाला कुठल्या टपरीवर गाठायचं, हिरव्या लेजर पेपरवर समास किती सोडायचा, आणि सरांची गाडी सावलीत कुठे लागते. दिवाळीला काजूकतलीचा बॉक्स आणि पाकिटात 2000 रुपये दिले, आईने ते पाकीट देवापुढे ठेवलं आणि बाबा म्हणाले, चला, सुरुवात झाली. पुढचं पाकीट पुढच्या दिवाळीला.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलंय बरं का, ज्युनिअरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत म्हणून. द्यावेत. द्यायलाच पाहिजेत असं नाही. दिवसभर याच दोन शब्दांतल्या फरकावर पोट भरणाऱ्या माणसांना असलं परिपत्रक पाठवणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण करायला विनंतीपत्र. ते सरांना फॉरवर्ड करू नका, निळ्या टिका येतात, बाकी काही येत नाही.

आता कामाचं. पहिली काही वर्षं तुमची सगळी वकिली तीन शब्दांत मावते, "सर येतायत, पासओव्हर." म्हणजे आमचं प्रकरण जरा नंतर घ्या. हे म्हणायची एक कला आहे, आवाज फार मोठा नको, फार दीनही नको, मान जराशी वाकलेली, फाईल मात्र छातीशी घट्ट, म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला माहितीय असं वाटतं. एवढ्यावर भागलं नाही की तारीख मागायची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 17 मध्ये लिहिलंय की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये. तीन! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा समोरच्या दाव्याच्या रोजनाम्यात बघितलं, आमच्याच बाजूच्या तीन तहकुब्या मी दहावीला असतानाच संपल्या होत्या. कारणं मात्र नीट द्या. सरांच्या सासूबाईंना मी आत्तापर्यंत सहा वेळा आजारी पाडलंय, त्यातलं एकदा आयसीयूत, आणि त्या बाई अजून रोज पहाटे टेकडी चढून येतात. एकदा वाटेत भेटल्या, मला म्हणाल्या, "वाळलास रे!" माझी मान वर होईना.

आणि कधीतरी तो दिवस येतोच. माझा आला तो एका गटाराच्या दाव्यात, नि. 5 ला. (कॉलेजात तुम्हाला हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, दावा म्हणजे नि. 1, त्याचा निकाल नातवंडं बघतील, खरी लढाई असते ती निशाणी 5 वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, तिथे जो जिंकला तो पुढची बारा वर्षं निवांत.) दोनदा पासओव्हर घेऊन झाला होता, सर दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकलेले, न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "आता आर्ग्यू करा नाहीतर मी ऑर्डरला ठेवते." मी उभा राहिलो. गटार वादीच्या घराच्या पूर्वेला की पश्चिमेला, मॅडमनी विचारलं. मी फाईलमधला हातनकाशा काढला आणि पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो, पूर्वेला. मागून आमचा पक्षकार खाकरला. मी परत म्हणालो, पूर्वेला, ठळक दाखवलेलं आहे. तेव्हा तो म्हातारा पुढे वाकून, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "साहेब, नकाशा उलटा धरलाय." मॅडम हसल्या नाहीत, हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःहून पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने मला चहा पाजला आणि विचारलं, "मोठे साहेब पुढच्या वेळी नक्की येतील ना?"

फार मनाला लावून घेऊ नका. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या केसला उलटतपासासाठी उभे राहिले आणि त्यांच्या तोंडातून प्रश्नच फुटेना, खाली बसले, घेतलेली 30 रुपये फी परत केली आणि दुसरा वकील करायला सांगितलं. यातला फी परत करायचा भाग तेवढा तुम्ही सोडून द्या, तो फार मोठ्या माणसांना परवडतो. केस आणून देणाऱ्या दलालाला कमिशन द्यायलाही तेव्हा त्यांनी नकार दिला होता. मग मुंबईत वकिली चालली नाही यात नवल ते काय.

अभ्यासाचं काय, असं विचारणार तुम्ही. करा की. 1 जुलै 2024 पासून आयपीसी (दंड संहिता), सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे बीएनएस, बीएनएसएस, बीएसए आले, सगळी कलमं बदलली, तेव्हा मला वाटलं आता सर आणि मी एका रेषेवर, दोघंही कोरे. कसलं काय. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर आयपीसीच लागते, म्हणजे पुढची कितीतरी वर्षं दोन्ही पुस्तकं उचलायची, आणि उचलायची कोणी तर तुम्हीच. वर सर फोनवर घाईत सांगणार, "482 टाईप करून ठेव." जुन्या सीआरपीसीत 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला जातात ते. नव्या बीएनएसएसमध्ये 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. सरांना कुठलं हवंय हे विचारलं तर "एवढंही कळत नाही का" आणि नाही विचारलं तर रात्रभर टाईप केलेलं चुकीचं. मी दोन्ही टाईप करून ठेवायचो. सर म्हणायचे, शाब्बास, म्हणजे मला 438 च म्हणायचं होतं. (438 म्हणजे जुन्या सीआरपीसीतला अटकपूर्व जामीन.)

जाहिरात करू नका, बार कौन्सिलचा नियम 36 आहे. पाटी सुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर अमुक प्रकारच्या कामातले तज्ज्ञ वगैरे लिहिता येत नाही. तेव्हा नियम पाळा आणि भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत काळा कोट घालून हात जोडून उभे राहा, तो फोटो बेताच्या आकाराचा नसला तरी ती जाहिरात नव्हे, ते प्रेम आहे.

बॅलन्सचं राहिलंच. सकाळी साडेदहाला कोर्ट, सहाला ऑफिस, सर साडेआठला बोलायच्या मूडमध्ये येतात, घरी जेवण झाकलेलं असतं. रविवारी कॉन्फरन्स, कारण पक्षकाराला त्या दिवशी सुट्टी असते. उरलेला वेळ संपूर्ण तुमचा, त्यात लग्नाला जा. तिथे पंगतीत काका शेजारी येऊन बसतात आणि जिलेबी वाढेपर्यंत विचारतात, सातबाऱ्यावरून बहिणींची नावं कमी करायला काय लागतं, नुसत्या सह्याच ना? तुम्ही नवखेपणाच्या भरात सांगता की काका, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. काका मठ्ठा पिऊन उठतात. नंतर कळतं की त्यांनी दुसरा वकील केला, त्याला फी पण दिली.

ज्युनिअर मुलगी असाल तर वरचं सगळं आहेच, शिवाय "मॅडम, वकील कधी येणार" हा प्रश्न पक्षकार तुम्हालाच विचारतो, तुम्ही बँड लावून समोर उभ्या असताना. आणि लग्न झाल्यावर प्रॅक्टिस चालू ठेवणार का, हे सरही विचारतात आणि सासूही, दोघांना उत्तर वेगवेगळं द्यावं लागतं.

यातून सुटायला जजची परीक्षा देऊ म्हणाल तर तीही वाट आता इथूनच जाते. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने प्रवेशाच्या पदासाठी तीन वर्षांची प्रॅक्टिस परत सक्तीची केली, कॉलेजातून थेट खुर्चीवर जाणं बंद. हेतू चांगलाय, न्यायाधीशाला कोर्ट आतून माहिती हवं. फक्त ती तीन वर्षं खायचं काय याचा निर्णय त्यात शोधू नका.

आता माझं बरं चाललंय, विचाराल म्हणून सांगतो. स्वतःचं ऑफिस आहे, भाड्याचं, जिन्याखाली. गेल्या वर्षीपासून एक ज्युनिअर आहे, हुशार पोरगी, लातूरकडची, पीजीवर राहते. तिला मी महिना 5000 देतो आणि मला स्वतःला मी फार उदार वाटतो, कारण मला वर्षाचे 2000 मिळायचे, वर काजूकतली. काल संध्याकाळी फाईली लावता लावता तिने विचारलं, "सर, ते बार कौन्सिलचं 20,000 वालं परिपत्रक तुम्ही वाचलंय का?"

म्हटलं, वाचतो आणि म्हणणं देतो. तिने डायरी उघडली आणि पेन हातात घेऊन थांबली. "तारीख कुठली टाकू, सर?"