उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही

आमच्या मावसांच्या गाडीत दोन बर्थ आहेत, गॅसची शेगडी आहे, कपडे लावायचं कपाट आहे आणि ड्रायव्हरच्या मागं भिंतीत बसवलेला देव्हारा आहे. बेळगावच्या शहापुरातून, वडगावातून, पार निपाणीहून माणसं ही गाडी बघायला आली. सगळ्यांनी पडदे चाचपले, शेगडी पेटवून बघितली, देव्हाऱ्याला नमस्कार केला. खाली वाकून कुणी बघितलं नाही. फिरत्या घरात शिरलेला माणूस त्यातलं घर तेवढं बघतो. ते फिरतं कशावर, हा प्रश्न त्याला पडत नाही. मावसांनाही पडला नव्हता.

टाटांची ४०७ ही छोटी ट्रक बाजारात आली १९८६ साली. तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, अगदी सरळ स्वभावाची. दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. वर भाजीचा हौदा चढवा, शाळेची बस चढवा, नाहीतर मावसांसारखं रिटायर झाल्यावर घर चढवा, ती काही बोलत नाही. मावसांनी कोल्हापूरकडची एक जुनी ४०७ घेतली, तिच्यावर बॉक्स पाइपचा सांगाडा उभा केला, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये थर्माकोल. मग चोर्ला घाटानं गोवा, आंबोलीनं मालवण. समुद्र दिसला की मावसा गाडी वाळूत घालायचेच. भरतीचं पाणी पुढच्या चाकाला लागलं की त्यांना चहा लागायचा.

पुढं त्यांचे गुडघे दुखायला लागले. ‘तुमच्या अनगोळच्या घरासमोर जागा आहे’ या एकाच गुणवत्तेवर गाडी आमच्याकडं आली. पाठोपाठ कागद आले, आणि कागदांत मुदत आली. खाजगी गाडीला १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी आरटीओसमोर उभं राहून ‘मी अजून गाडी आहे’ हे सिद्ध करावं लागतं.

गाडीत बिघाड असा काहीच नव्हता. फक्त कपाटाचं दार लागत नव्हतं. मावशी म्हणाल्या, पावसात प्लाय फुगतो, वळवाच्या आधी लागत होतं. सुताराला बोलावलं. त्यानं दार रंधून दिलं. महिन्याभरात पुन्हा लागेना. त्यानं पुन्हा रंधलं. असंच चाललं असतं तर दाराच्या जागी एक पट्टी उरली असती. पण आमच्या शेजारी एक काका राहतात. उद्यमबागेतल्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी दार बघितलं, चौकट बघितली आणि सुताराला म्हणाले, “दार सरळ हाय रे. घर वाकडं झालंय.”

बेळगावात फौंड्रीतून रिटायर झालेला माणूस घरात हातोडी ठेवतोच. कास्टिंग चांगलं की तडकलेलं, हे हातोडीच्या एका टोल्यात आवाजावरून ओळखण्यात या माणसांचा जन्म गेलेला असतो. शिवाय हा जिल्हा कुमार गंधर्वांचा, सुळेभावी इथून तासाभराच्या आत, कान असायचेच. काका चटई घेऊन गाडीखाली गेले आणि पुढून मागं चासी वाजवत निघाले. ठण. ठण. ठण. “म्हणालंय न्हवं?” खालून आवाज आला. म्हणत होतं. मागचं चाक ओलांडलं, डाव्या चॅनेलवर हातोडी पडली आणि आवाज आला, थप.

“स्क्रू ड्रायव्हर आण,” काका म्हणाले.

मी आणला. त्यांनी तो चॅनेलला टेकवला आणि तो आत गेला. जोर केला नव्हता, नुसता टेकवला होता. एवढ्या गाडीचं, त्यावरच्या घराचं आणि घरातल्या देवाचं वजन ज्यावर होतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत रुतून उभा राहिला.

आता कारण. कारणाशिवाय आमच्या घरात कुठलाही खर्च मंजूर होत नाही. मावशींचं म्हणणं, हे मावसांच्या समुद्रानं केलं. मिठानं पाणी विजेला वाट देतं, मग लोखंड झपाट्यानं गंजतं, हे त्यांना नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकातून पाठ होतं. मावसांचं म्हणणं, मावशींच्या बेसिननं केलं. बेसिनच्या सांडपाण्याचा पाइप बॉडीवाल्यानं नेमका डाव्या चॅनेलच्या वर आणून सोडला होता. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक मुक्कामी आमटीची भांडी विसळलेलं पाणी, मिठासकट, त्याच एका हातभर लोखंडावर पडत आलं. दोघांनी माझ्याकडं निवाडा मागितला. दोघांचंही बरोबर आहे, असं मी म्हणालो, आणि दोघंही माझ्यावर रागावले.

ऑटोनगरातल्या मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, हात पुसले आणि म्हणाले, “सायेब, हे उघडल्याशिवाय काय सांगता येत नाही बघा.” खर्च किती? उघडल्याशिवाय सांगता येत नाही. दिवस किती? उघडल्याशिवाय सांगता येत नाही. चहा घेणार? तो उघडायच्या आधी घेतला.

मग उघडलं. चासीवर खालून डांबरासारखं काळं कोटिंग होतं, जाड आणि चकचकीत. मावसांना त्याचा फार अभिमान. तीन हात मारलेत म्हणायचे. गंजलेल्या लोखंडावर असलं कोटिंग मारलं की आतली ओल आतच राहते आणि बाहेरून सगळं उत्तम दिसतं. मेस्त्रींनी ते खरवडलं, तर खाली कुणीतरी आधी मारलेला पॅच निघाला. पॅचवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, लांबीवर रंग. लांबी काढली तर पॅच चासीच्या प्लेटचा नव्हताच. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून ठोकला होता. ‘निव्वळ वजन १५ किलो’ ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. हे काम कुठल्या गॅरेजमध्ये झालं ते मावसांना आठवेना. बिल मात्र आठवलं आणि ते बराच वेळ गप्प झाले.

खरी गंमत पुढं. कापायचं ठरलं, पण कुठून? मेस्त्रींनी खिशातून खडू काढून चॅनेलवर रेघ मारली. “गंज हितपर्यंत. हितनं पुढं चांगलं.” काकांनी हातोडी मारून ती रेघ वीतभर पुढं सरकवली. वेल्डिंगवाला कानडी होता. त्यानं दोन्ही रेघा अंगठ्यानं पुसल्या, “तुक्क भाळ हिडदैति री”, गंज लई धरलाय, म्हणाला आणि तिसरीच मारली. मावसा पहिल्या रेघेच्याही अलीकडं चौथी मारून मोकळे. रेघांची आम्हा बेळगावकरांना सवय आहे. १९५६ साली दोन राज्यांमधली एक आमच्या शेजारून गेली, १९६७ साली महाजन आयोगानं तिच्यावर अहवाल दिला, २००४ पासून ती सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळं चार माणसं गाडीखाली उताणी पडून रेघ कुठं असावी यावर भांडालेत, याचं गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. उलट जाता येता दोघं-तिघं वाकून आपलं मत नोंदवून गेले. फरक इतकाच, की नेहमीच्या वादात प्रत्येकाला जास्त मुलूख हवा असतो. इथं मावसा एकेक इंच सोडून द्यायला तयार होते.

ग्राइंडर चालला तेव्हा गंज चौघांच्याही रेघा ओलांडून पुढं गेलेला निघाला. क्रॉस मेंबर जिथं चॅनेलला रिव्हेटनं जोडलेला, तिथं दोन प्लेटांच्या फटीत तो शिरला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. फटीत जागा नसेल तर करून घेतो. रिव्हेट मारून घट्ट बसवलेल्या प्लेटा त्यानं फुगवून एकमेकींपासून बोटभर लांब केल्या होत्या. या ताकदीचा जॅक ऑटोनगरात मिळत नाही.

वेल्डिंगच्या आधी आतलं प्लायवूड आणि थर्माकोल काढावं लागलं. ठिणगी पडली की थर्माकोल विचार करत बसत नाही. बॅटरीच्या वायरी सोडल्या, सिलिंडर शेजारच्या घरी पाठवला, देव आमच्या घरात आणले. मावशी स्वतः हजर होत्या, कारण त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत निघणार होती. भिंत निघाली. बॉक्स पाइपच्या तोंडातून ओंजळभर लाल भुकटी पडली, मागून गांधीलमाशीचं जुनं पोळं, आणि त्याच्यामागून एक पितळी डबी. मेस्त्रींच्या पोरानं ती उघडली. निपाणीचा जर्दा, एक नंबर, वासावरून ताजा. मावसांनी तंबाखू सोडली तेव्हा मावशींनी सत्यनारायण घातला होता. आम्ही सगळे त्याचा प्रसाद खाऊन आलो होतो. आता गाडीखाली मावसा, गाडीत मावशी आणि मध्ये फक्त चासी होती, तीही गंजलेली. मेस्त्रींनी बिचाऱ्यांनी प्रसंग ओळखून ग्राइंडर चालू केला आणि कापायला काहीच नसताना बराच वेळ चालू ठेवला.

कामाला हात घालायच्या आधी गाडी समतल उचलायची असते. नाहीतर वाकडी आहे तशीच वेल्ड होते आणि वाकडेपणा कायमचा होतो. जॅक लावले, घोड्या लावल्या, पाण्याची लेव्हल धरून मेस्त्री मिलिमीटरनं वर घेत गेले. मागचा भाग जाग्यावर आला आणि आतून ‘खट’ असा आवाज झाला. कपाटाचं दार लागलं होतं. सुतारानं एवढं रंधून ठेवल्यामुळं आता चारी बाजूंनी फट दिसत होती, पण लागलं होतं.

वेल्डिंगवरून काका आणि मेस्त्री यांच्यात पुन्हा जुंपली. मेस्त्रींना नवा तुकडा सरळ उभ्या रेघेत जोडून मोकळं व्हायचं होतं. काका म्हणाले, उभी शिवण म्हणजे पुढच्या खड्ड्यात तिथंच तडा. जोड तिरका पाहिजे, वरून मारायच्या पट्टीची टोकंही तिरपी पाहिजेत, म्हणजे ताण एका रेषेत येत नाही. आणि चॅनेलच्या वरच्या-खालच्या काठाला भोक पाडायचं नाही, बोल्ट घ्यायचे ते मधल्या उभ्या भागात. या मुद्द्यावर काकांचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांचं उरलेलं सगळं बोलणं मी ऐकून घेतलं. रॉड त्यांनी फौंड्रीतून भट्टीत सुकवून घेतले, टॉवेलात गुंडाळून स्कूटरवरून आणले आणि ओल्या हातानं धरू नको म्हणून पोराला दम भरला. वेल्डिंगवाला सगळं ऐकून घ्यायचा, “हौद्री” म्हणायचा, दोन इंच वेल्ड मारायचा, मग दुसऱ्या टोकाला जाऊन दोन इंच. एका जागी सलग तापवलं की चॅनेल ओढला जातो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाच वाजले की “नाळे बर्री,” म्हणजे उद्या या. हे तो आम्हाला आमच्याच अंगणात सांगायचा.

रंगाच्या वेळी चंदगडकडचे एक पाहुणे येऊन काजूच्या टरफलाचं तेल चोपडा म्हणून सांगून गेले, होड्यांना चोपडतात तसं. ते लाकडाला. आम्ही जस्ताचा प्रायमर मारला आणि बॉक्स पाइपला खालून पाणी निथळायची भोकं पाडली.

तेवढ्यात मेस्त्रींना चासी नंबर आठवला. आरटीओत त्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उठलेला छाप पुस्तकाशी ताडून बघतात. तो ठोकलेला असतो लांब चॅनेलवर, आणि आमच्याकडं त्यातल्या एका आकड्यावर गंज. घासायचा तर आकडा पातळ होणार. न घासावा तर दिसत नाही. आणि त्या जागेवर ग्राइंडर लागलेला दिसला की साहेब लोकांची नजर बदलते. काकांनी रॉकेल, चिंधी आणि दाताचा ब्रश घेऊन एक सबंध दुपार त्या एका आकड्यावर घालवली. संध्याकाळी जो निघाला तो तीन की आठ यावर मतभेद होते. पुस्तकात तीन होता, म्हणून सर्वांनी तीन मानला.

आरटीओच्या मैदानात मावसा इस्त्रीचा शर्ट घालून आले, मावशी काठाची साडी नेसून. पेन्सिल घासली गेली, तीन उठला. इन्स्पेक्टरांनी हॉर्न वाजवला, वायपर बघितला, रिफ्लेक्टर पट्टी मोजली. मी खाली वाकून चासीकडं बोट दाखवालोय, तिरके जोड, राखाडी प्रायमर, आणि ते केव्हाच पायरी चढून आत गेलेले. बर्थवर बसून बघितलं. पडदा ओढला, सोडला. पुढच्या वर्षी रिटायर होणार म्हणाले.

“अम्मा, नळाला पाणी येतं काय?”

“येतं की,” म्हणून मावशींनी कौतुकानं नळ सोडला. पाणी आलं. बेसिनमधून खाली गेलं. पाइप जोडायचं काम प्लंबरवर ठेवलं होतं आणि प्लंबर ‘नाळे’ येणार होता. नव्या चॅनेलवर, तिरक्या जोडावर, बरोबर त्याच हातभर जागेवर धार पडायला लागली. “अगं बंद कर!” मावसा ओरडले. वर कुणाला ऐकू जाईना, कारण वर मावशी साहेबांना शेगडी दाखवत होत्या. मी इस्त्रीच्या पँटनिशी गाडीखाली शिरलो आणि खिशातल्या रुमालानं चासी पुसू लागलो. काका बाहेरून सांगत होते, “काठ पुस, काठ! फटीत जाऊ देऊ नको!” आणि वरून, खिडकीतून, इन्स्पेक्टरांचा आवाज आला, “गरम पाण्याचा नळ वेगळा बसवता येतो काय हो?”