तब्येतीचं तुम्हाला काय कळतंय?

सकाळी उठल्या उठल्या ‘छान झोप लागली’ असं परस्पर ठरवून मोकळे होऊ नका. आधी मनगटावरचं घड्याळ बघा. त्याने झोपेला ५८ गुण दिले असतील, तर तुम्ही दमलेले आहात. मुकाट्याने जांभई द्या.

मग फुल बॉडी चेकअप करा. ‘मला काहीच होत नाहीये’ याहून भक्कम कारण कोणतं हवं? (ज्यांचं खरंच काही दुखतंय, त्यांनी रांगेत बसावं. पॅकेजवरची सवलत त्यांच्यासाठी नसते.) चाचण्या मात्र भरपूर घ्या. ‘नॉर्मल’ची रेषा आखतानाच सहसा धडधाकट माणसांतली मधली ९५ टक्के आत घेतात, कडेची ५ टक्के बाहेर ठेवतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. ८० केल्या तर ९८! पत्रिकेत छत्तीस गुण जुळणं एक वेळ सोपं, पण ऐंशी चाचण्यांत सगळं ठीक निघणं अवघड.

तरीही काही निघालं नाही, तर रेषा सरकायची वाट पाहा. उपाशीपोटी साखर १०५ असलेली माणसं २००३ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने हद्द ११० वरून १०० वर आणल्यावर, जिलबीला हातही न लावता ‘प्री-डायबेटिक’ झाली. जागतिक आरोग्य संघटना अजून ११० धरून बसली आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

आदर्श ठेवायचा तर दक्षिण कोरियाचा. तिथे तपासणीत गळ्याची सोनोग्राफी थोड्या जादा पैशांत होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं. कुणाला कधी त्रास न देणाऱ्या बारीकशा गाठी सापडल्या, ग्रंथी काढल्या गेल्या आणि रोजची गोळी जन्माला पुरली. केवढी ही जागरूकता!

पोट दाबून, जीभ बघून ‘काही नाही, दोन दिवस मऊ भात खा’ म्हणणारे म्हातारे डॉक्टर काही गल्ल्यांत अजून आहेत. त्या गल्लीने जाऊ नका. आणि एमआरआयच्या आदल्या रात्री पाठ दुखायची थांबली, तर नुसतं बरं वाटतंय म्हणून तारीख रद्द करू नका. पैसे आगाऊ भरलेत.